सेनाइदाचा भोंगा

पाहुण्याला खोलीची किल्ली देण्याआधी मी त्याला समोर बसवते आणि काही गोष्टी कानावर घालते. सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालू नकोस, आत विंचू असतो. पैसे आत्ताच काढून ठेव, शनिवार दुपारनंतर बँकेचं यंत्र रिकामं होतं आणि सोमवारपर्यंत ते भरायला काळं कुत्रं येत नाही. अंधार पडल्यावर हमरस्त्यानं गाडी हाकू नकोस, गुरं उबेसाठी डांबरावर येऊन बसतात. आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नकोस, पाणी कितीही शांत दिसलं तरी. पाहुणा मान हलवतो. संध्याकाळी तोच मला खाडीच्या तोंडाशी लाल झेंड्याला मिठी मारून काढलेला फोटो दाखवतो, आणि वर विचारतो, छान आलाय ना?

काही झालंच तर फोन कुणाला करायचा, असंही सगळे विचारतात. दारामागं नंबर लिहिलेला आहे. आमच्या पुंता सेनिसा गावातल्या प्रत्येक खोलीच्या दारामागं, लाटांवर खेळायच्या भाड्याच्या प्रत्येक फळीवर, नारळपाण्याच्या गाड्यावरसुद्धा तोच नंबर आहे. तसा सरकारी नंबरही आहे. पण तो डोंगरापलीकडच्या शहरात कुणीतरी पोरगी उचलते आणि गोड आवाजात विचारते, रस्त्याचं नाव सांगा, जवळचा चौक सांगा. आमच्या रस्त्यांना नावं नाहीत आणि चौक तर नाहीच. तिला समजावेपर्यंत माणूस थंड होतो. म्हणून आम्ही सगळे सेनाइदाला फोन करतो.

सेनाइदा ओल्मेदो, गावासाठी दोन्या सेनाइदा, म्हणजे सेनाइदाबाई, माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. तिच्या एलिसेओला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांवर धरलं होतं, मी त्याची धर्ममाता, आणि तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. सख्ख्या बहिणींशी मी इतकी भांडले नसेन आणि इतकी हसलेही नसेन.

आम्ही तरुण होतो तेव्हा अख्ख्या गावात एकच फोन होता, तो तिच्या ओसरीवर. नवऱ्यानं, अबुंदिओनं, अंगणातल्या माडाला उंचावर भोंगे बांधून दिले होते. तिकडून, म्हणजे उत्तरेतून, सीमेपलीकडून, कुणाचा फोन आला की सेनाइदा माइकवर त्याचं नाव पुकारायची आणि ज्याचं नाव तो हातातलं टाकून पळत सुटायचा. मी हात मक्याच्या पिठानं भरलेले तसेच घेऊन धावलेली आहे. बोलणारा आत बसला की ती त्याच्याकडं पाठ करून शेंगा सोलत बसायची आणि आपण बहिरे असल्याचं सोंग करायची. कुणाच्या नवऱ्यानं तिकडं दुसरा संसार थाटलाय, कुणाचा मुलगा तुरुंगात आहे, सगळं तिला ठाऊक होतं. मी कितीदा खोदून खोदून विचारलं, पण तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्यावरून मी दोनदा अबोला धरला होता.

माइकवर मात्र तिची जीभ सैल सुटायची. "हिलारिओंचं गाढव परत चर्चमध्ये शिरलंय," ती अख्ख्या गावाला सांगायची. "गाढवाला धर्माची गोडी लागली. आता मालकानंही एखाद्या रविवारी यायला हरकत नाही." हिलारिओ मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, ताठ मानेचे गृहस्थ. ते रागानं लाल व्हायचे आणि गाढव न्यायला यायचे. गॅसवाला, मक्याचे वाफवलेले तामाले विकणारी, हरवलेली पोरं, डॉक्टर आला की नाही, सगळं त्या भोंग्यातून आम्हाला कळायचं. पुढं प्रत्येकाच्या खिशात फोन आला, सेनाइदाच्या ओसरीवरची गर्दी ओसरली, पण भोंगा राहिला. माणसं संकटात सापडली की आपोआप तिचाच नंबर लावायची. विंचू चावला तर नर्सच्या घरी विंचवाचं इंजेक्शन आहे का आणि नर्स स्वतः शुद्धीत आहे का, हे तिला माहीत असायचं. ॲम्ब्युलन्समध्ये पेट्रोल नसेल तर कुणाची गाडी दाराशी उभी आहे, हेही.

तिचा एक नियम होता. गेलेल्या माणसाचं नाव घरच्यांना कळण्याआधी भोंग्यावर घ्यायचं नाही. आधी ती स्वतः त्या घरी जायची, डोक्यावरून काळी शाल घेऊन, पायी. सेनाइदा शाल घेऊन निघाली की बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि ती कुणाच्या उंबऱ्याशी थांबते ते बघायच्या. ती पुढं गेली की सुटकेचा श्वास टाकायच्या आणि मग त्याची लाज वाटून क्रूस करायच्या.

एलिसेओ सतरा वर्षांचा असताना तिकडं गेला, कागदपत्रांशिवाय, जसे आमचे सगळेच जातात. कागद नसलेल्याला परत येता येत नाही, आला तर पुन्हा वाळवंट तुडवत जावं लागतं. अबुंदिओ छातीत कळ येऊन गेला तेव्हाही तो येऊ शकला नाही. सेनाइदानं फोनची वायर ओढून ओढून दारापर्यंत आणली आणि रिसीव्हर शवपेटीच्या कडेवर ठेवला, म्हणजे लेकाला प्रार्थना ऐकू येईल. प्रार्थना संपली, बँड वाजला, पेटी उचलायची वेळ झाली तरी रिसीव्हर उचलायचं धाडस कुणाला होईना. आतून पोराच्या रडण्याचा आवाज येत होता.

तो परत आला तो त्याच्या मर्जीनं नाही. तिकडच्या पोलिसांनी कामावरून घरी जाताना धरलं आणि सीमेवर आणून सोडलं. हातात प्लास्टिकची एक पिशवी घेऊन तो बसमधून उतरला. मध्ये अर्धं आयुष्य गेलं होतं. दंडांवर गोंदण, केस पिवळेधमक रंगवलेले, बोलताना मध्येच तिकडचे शब्द. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'कणीस' ठेवलं. सेनाइदानं त्याला अंगणात उभं करून नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "अबुंदिओ बघायला नाहीये ते बरंय. त्यानं तुला कोंबड्यांना टाकला असता." मग ती घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पण एलिसेओची लेक, यारेली, तिकडं राहिली होती, आणि त्याचा जीव तिकडंच अडकला होता. आठवडा गेला नसेल तोच तो परत निघायच्या गोष्टी करू लागला. एकदा मी त्यांच्या ओसरीवर कॉफी पीत बसले होते, तेव्हा मायलेकात जुंपली.

"पावसाळा संपला की निघतो, आई. एक माणूस आहे, तो पलीकडं नेतो."

"गेल्या वर्षी फिदेन्सियाच्या भावालाही एका माणसानं नेला होता. अजून नेतोच आहे."

"मला रस्ता माहीत आहे."

"वाळवंटात रस्ता असता तर माणसं मेली असती कशाला?" ती घेवड्यातले खडे निवडत होती, मान वर न करता बोलली. "इथं राहा. इथं मेलास तर निदान तुला कुठं पुरलाय ते तरी मला ठाऊक असेल."

"बघा धर्ममाते, आई किती मायेनं बोलते," तो मला म्हणाला आणि हसला. हसताना तो हुबेहूब अबुंदिओ दिसायचा.

तिला आयुष्यात एवढंच हवं होतं, की पोरानं पुन्हा त्या वाळवंटात पाऊल टाकू नये. त्यासाठी तिनं जो फोन दुसऱ्यांसाठी फिरवला होता तो स्वतःसाठी फिरवला. एकेका खानावळीला, एकेका लॉजला विचारलं, माझ्या पोराला काम द्या. शेवटी किनाऱ्यावरच्या फळ्यांच्या झोपडीत काम मिळालं, पाहुण्यांना लाटांवर उभं राहायला शिकवायचं. एलिसेओ तिकडच्या समुद्रावर ते शिकला होता आणि त्याला पाहुण्यांची भाषा यायची. त्यानं एक जुनी निळी फळी विकत घेतली, तिला माझ्या नवऱ्यानं पत्र्याचं ठिगळ लावून दिलं. रोज संध्याकाळी तो यारेलीशी फोनवर बोलायचा, पण पलीकडं नेणाऱ्या माणसाचं नाव हळूहळू घेईनासा झाला. सेनाइदाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. माइकवर गाढवाच्या गोष्टी परत सुरू झाल्या.

आता त्या ठरावाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पूर्वी खाडीच्या तोंडाशी कुणीही बुडू लागलं की चर्चची घंटा वाजायची आणि सगळ्या होड्या सुटायच्या. मग पाहुणे वाढले, आणि बुडणारेही. एका वर्षी दारू ढोसून पाण्यात शिरलेल्या दोघांना काढताना निसेफोरोचा खांदा होडी आणि खडकाच्या मध्ये चिरडला. हा निसेफोरो आमच्यातला सगळ्यात तरबेज नावाडी. त्याचा अख्खा हंगाम बुडाला, आणि ज्यांना वाचवलं ते दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं निघून गेले, त्याला साधं बघायलाही आले नाहीत. सोसायटीची बैठक बसली. हिलारिओ उभे राहिले आणि म्हणाले, "झेंडा लावला, पाटी लावली, तोंडानं सांगितलं. तरी त्यांना मरायचंच असेल तर आपल्या पोरांनी सोबत का मरायचं?" ठरलं असं, की बाहेरचा माणूस असेल तर त्या दिवशी ज्याची पाळी त्याची एकच होडी जाईल. आपला असेल तर घंटा, आणि सगळ्या होड्या. कोण आहे ते सेनाइदानं भोंग्यावर सांगायचं. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. माणसं दुष्ट नव्हती, दमली होती. पुढं पुढं मात्र 'बाहेरचा' म्हटलं की किनाऱ्यावरची मान वळेनाशी झाली, जाळं विणणाऱ्याची सुई थांबेनाशी झाली. पाळीचा माणूस ताटातलं संपवून उठू लागला.

तो दिवस रविवार होता, दुपार. पावसानं खाडी तुडुंब भरली होती आणि आदल्या दिवशीच तिनं वाळूचा बांध फोडून समुद्राकडं वाट काढली होती. अशा वेळी ओहोटी लागली की अख्खी खाडी त्या तोंडातून बाहेर ओढली जाते. वरून ते पाणी गुळगुळीत दिसतं, लाटा उठतात त्या दोन्ही बाजूंना, म्हणून नवख्याला वाटतं हीच जागा पोहायला बरी. तशीच एक पाहुणी उतरली, वीस-बावीस वर्षांची पोर. एलिसेओ फळी घेऊन घरी जेवायला निघाला होता. त्यानं तिला वाहून जाताना पाहिलं आणि तसाच पाण्यात घुसला.

पलीकडच्या टेकाडावर तोरिबिओ नारळ सोलत होता. लांबून त्याला दिसलं ते एवढंच, की दोन पिवळी डोकी पाण्यात वरखाली होतायत, एक फळी आहे, आणि दोघंही पाहुण्यांच्या भाषेत ओरडतायत. त्यानं सेनाइदाला फोन करून तेच सांगितलं. खोटं काही सांगितलं नाही.

मी अंगणात चादरी घड्या करत होते. भोंगा खरखरला आणि कोमाद्रेचा आवाज आला, नेहमीचा, शांत. "खाडीच्या तोंडाशी दोघं पाण्यात आहेत. बाहेरचे आहेत. आज ज्यांची पाळी त्यांनी निघावं." तिनं दोनदा सांगितलं. मी पुढची चादर घेतली.

पाळी फेलिसिआनोची होती. तो मेहुण्याकडं मक्याचं कढत सूप पीत बसला होता. तो उठला, पण वाडगा रिकामा करून उठला. मग होडी वाळूवरून ढकलायला माणसं मिळेनात, कारण मैदानात फुटबॉलचा सामना चालू होता आणि बाहेरच्यांसाठी सामना सोडायची पद्धत नव्हती. निसेफोरोची होडी मात्र पाण्यातच होती. तो नुकताच मासेमारीवरून येऊन खाडीच्या आतल्या अंगाला, तिवरांच्या आड, मासळी बर्फाच्या पेटीत भरत होता. इंजिन अजून गरम होतं. तिथून खाडीचं तोंड दिसत नाही, पण हाकेच्या अंतरावर आहे. त्यानं भोंगा ऐकला, 'बाहेरचे' ऐकलं, आणि मासळी भरत राहिला.

फेलिसिआनो पोचला तेव्हा ती पोर लाटांच्या पलीकडं फळीवर पालथी पडलेली होती. फळीची दोरी तिच्या घोट्याला बांधलेली. ती दोरी माणूस स्वतःच्या घोट्याला बांधतो, म्हणजे फळी सुटत नाही. कुणीतरी सोडून तिच्या पायाला बांधली होती. ती हातानं पाण्याकडं दाखवत होती आणि काहीतरी सांगत होती, ते फेलिसिआनोला कळत नव्हतं. मग त्यानं तिला उचलून होडीत घेतलं आणि फळी उलटी केली, तर निळा रंग, पत्र्याचं ठिगळ.

त्यानं फोन काढला. करायचा कुणाला? आमच्या गावात संकटात फोन एकाच बाईला करतात. दुसरा नंबर त्याला तरी कुठं पाठ होता.

"दोन्या सेनाइदा," तो म्हणाला, "घंटा वाजवायला सांगा."

"का? बाहेरचे आहेत ना?"

होडीत ती पोर अजून पाण्याकडंच हात दाखवत होती.

"फेलिसिआनो, कोण आहे?"

"दोन्या, मला माफ करा. तुमचा एलिसेओ आहे. सापडत नाहीये."

हे बोलणं मला नंतर त्यानंच सांगितलं, रडत रडत. सेनाइदा शाल घेऊन सगळ्यांच्या दारात गेली होती, तिच्या दारात मात्र शाल घेऊन यायला कुणी नव्हतं.

भोंगा पुन्हा खरखरला. आवाज तोच होता, एका सुरातला. "खाडीच्या तोंडाशी आपला माणूस पाण्यात आहे. सगळ्या होड्या. घंटा वाजवा." नाव तिनं घेतलं नाही. नियम म्हणजे नियम. पण त्यानंतर माइक बंद झाला नाही, आणि अख्ख्या गावाला खुर्ची पडल्याचा आवाज ऐकू आला. ती माइक चालू ठेवून कधी उठत नसे. मी धावत तिच्या घरी गेले. खुर्ची आडवी पडली होती, शेंगा जमिनीवर सांडल्या होत्या, आणि घरात कुणी नव्हतं. मी माइक बंद केला.

सामना मोडला. चर्चची घंटा वाजू लागली आणि माणसं बूट तसेच ठेवून अनवाणी पळाली. किती होड्या सुटल्या विचारू नका, मोडक्यासुद्धा सुटल्या. निसेफोरो सगळ्यांत आधी पोचला, त्याला तिवरांचं एक वळण घ्यायचं होतं फक्त. दुखऱ्या खांद्यानं त्यानं पुन्हा पुन्हा बुड्या मारल्या, शेवटी लोकांनी त्याला केसांना धरून होडीत ओढलं. सेनाइदा वाळूवर उभी होती, घरातल्या चपलांवर. डोक्यावर काळी शाल होती. सवयीनं घेतली असणार.

"कोमाद्रे, बस जरा," मी म्हणाले.

"तो पोहायला चांगला आहे," ती म्हणाली. "त्याच्या बापानं शिकवलंय." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी सांगितलं गं. माझ्याच तोंडानं सांगितलं, बाहेरचे आहेत म्हणून."

मी तिचा हात धरून उभी राहिले.

बुडालेला सापडला नाही की आमच्याकडं तुंब्याच्या वाटीत आशीर्वादाची मेणबत्ती लावून पाण्यात सोडतात. ती जिथं घुटमळते तिथं माणूस असतो. सूर्य टेकल्यावर सेनाइदानं स्वतः ती सोडली. ओहोटी संपली होती, भरतीचं पाणी खाडीत शिरत होतं. वाटी हलत डुलत आत गेली, तिवरांच्या वळणावर गोल फिरू लागली आणि तिथंच राहिली. सकाळी एलिसेओ तिथंच मिळाला, जिथं आदल्या दुपारी निसेफोरोची होडी उभी होती. मेणबत्तीवर माझा विश्वास आहे की नाही हे मला विचारू नका. निसेफोरो पाण्यात गुडघ्यांवर बसला आणि कुणी उठवलं तरी उठेना.

घरी दिवा लागला, जमिनीवर वाळूचा क्रूस काढला, नऊ संध्याकाळी प्रार्थना झाली. यारेलीला सेनाइदानंच फोन केला. आता वायर ओढायची गरज नव्हती, तिनं आपला छोटा फोन शवपेटीच्या कडेवर ठेवला, तिथंच, जिथं बापाच्या वेळी रिसीव्हर ठेवला होता. पलीकडून ती पोर तिच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारत होती, आजी, बाबा कधी येणार? मी बाहेर निघून गेले. मला ते ऐकवेना.

वाचलेली पाहुणीही एका संध्याकाळी आली, उन्हानं नाक सोललेली, हातात फुलं. तिच्याशी कसं वागायचं कुणालाच कळेना. सेनाइदानं तिला खुर्ची दिली. निसेफोरो रोज यायचा आणि कोपऱ्यात उभा राहायचा, सेनाइदा त्याला कॉफी आणून द्यायची. माझ्याच्यानं ते पाहवेना. एकदा मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "मासळी बर्फात घालून झाली का रे सगळी? एखादी राहिली तर नाही ना?" त्यानं कॉफी खाली ठेवली. सेनाइदा माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "रेमेदियोस, गप्प बस. त्यानं मी सांगितलं तेच ऐकलं." मी गप्प बसले, पण माझा राग गेला नाही, आणि आजही गेलेला नाही. निसेफोरोवर नव्हे, आम्हा सगळ्यांवर.

नंतर भोंगा मुका झाला. गॅसवाला स्वतः गल्लोगल्ली बोंबलत हिंडायचा. हिलारिओंचं गाढव चर्चमध्ये शिरलं तरी कुणी सांगेना, पाद्रीबुवांनीच त्याला काठीनं हाकललं. फिदेन्सियाच्या नातीला विंचू चावला तेव्हा नर्सचं घर शोधत माणसं उलट्या बाजूला धावली. पोर वाचली, पण त्या दिवशी गावाला कळलं की आपल्याकडं काय होतं. दारामागचे नंबर मी पुसले नाहीत. सेनाइदानं ते पुसायला सांगितलं नाही.

हिवाळ्यातला पाहुण्यांचा लोंढा आला आणि एका दुपारी भोंगा खरखरला. मी हातातलं टाकून उभी राहिले. अख्खं गाव उभं राहिलं असेल.

"खाडीच्या तोंडाशी माणूस पाण्यात आहे," कोमाद्रेचा आवाज आला. आवाज जरा घोगरा झाला होता. "माणूस पाण्यात आहे."

त्यापुढं काही नाही. कोण, कुठला, काही नाही. आम्ही क्षणभर वाट पाहिली. मग घंटा वाजू लागली आणि सगळ्या होड्या सुटल्या, निसेफोरोची सगळ्यांच्या पुढं.

मिळाला तो राजधानीकडचा एक जाडजूड गृहस्थ, पोटात बिअर, अंगात मस्ती. वाळूवर ओकून झाल्यावर त्यानं पहिली चौकशी काय केली असेल, तर माझा काळा चष्मा कुणी पाहिला का. संध्याकाळच्या बसनं तो गेला. कुणाचे आभार मानायचं त्याला सुचलं नाही. त्या धावपळीत एका होडीचं इंजिन खडकावर आपटून फुटलं होतं.

दिवस मावळायच्या आत हिलारिओ सेनाइदाच्या ओसरीवर आले, मागं निसेफोरो, फेलिसिआनो आणि आणखी पाचसहा जण, सगळे ओलेचिंब. मी तिथंच बसले होते. सेनाइदा शेंगा सोलत होती. हिलारिओंनी टोपी काढली, घसा साफ केला आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले, "दोन्या, तुमचं दुःख आम्हाला माहीत आहे. पण सोसायटीचा ठराव आहे. तो माणूस बाहेरचा होता. तुम्ही तसं सांगायला हवं होतं."

सेनाइदानं हातातली शेंग सोलून दाणे भांड्यात टाकले.

"एकदा सांगितलं होतं," ती म्हणाली.